दस्तऐवजाचे चित्ररूपांतर (ग्रामीण विदर्भ)

वर्डसारख्या प्रणालीत टाइप केलेल्या फाइलचे पानन् पान जेपीजी किंवा पीएनजी चित्रात उतरवण्याची क्रिया. विदर्भात तालुक्याच्या ठिकाणी झेरॉक्सच्या दुकानात तिला नुसते 'फोटो करणे' म्हणतात. कॅमेऱ्याचा त्यात काही संबंध नसतो. "भाऊ, याचा फोटू करून द्या ना, ग्रुपवर टाकाचा आहे," एवढे सांगितले की काम कळते.

वर्डच्या फाइलमध्ये सहसा अक्षरांचे आकार नसतात. कोणते अक्षर आणि कोणता फाँट, एवढीच नोंद असते. अक्षर काढते ते फाइल उघडणारे यंत्र, आपल्याकडच्या फाँटातून. मराठीची अडचण इथेच आहे. प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी युनिकोड पद्धत रुळूनही, इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवणारे कृतिदेव, श्रीलिपी हे जुने फाँट अनेक टायपिस्टांच्या बोटांत बसलेले आहेत. कृतिदेवात टाइप केलेला 'मराठी' हा शब्द फाइलच्या लेखी ई, जे, के, बी, एच अशी पाच इंग्रजी अक्षरे असतो. त्यामुळे दुकानात नीट दिसणारी ग्रामसभेची सूचना सरपंचांच्या मोबाइलवर गिचमिड होऊन उघडते. चित्रात अक्षरे ठिपक्यांत गोठतात, मग फाँट असो वा नसो. फाँट सोबत नेणाऱ्या पीडीएफनेही हे साधते, पण ती उघडावी लागते. फोटो ग्रुपवर सरकता सरकता वाचून होतो. दवंडीचे बरेच काम आता ग्रुपच करतो, तेव्हा हा फरक लहान नाही.

वर्डमध्ये थेट जेपीजी म्हणून सेव्ह करण्याची सोय नाही. आधी पीडीएफ काढून मग तिची चित्रे करतात. घाईत असलेला दुकानदार स्क्रीनशॉट घेऊन मोकळा होतो, आणि बहुतेक तक्रारी त्यातूनच निघतात. ए-४ पान ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, २४८० × ३५०८ ठिपक्यांचे होते; ९६ डीपीआयला, म्हणजे साधारण स्क्रीनशॉटच्या दर्जाला, जेमतेम ७९४ × ११२३. घरकुलाच्या यादीत १० पॉइंटचा मजकूर असेल तर दुसऱ्या चित्रात अनुस्वाराच्या वाट्याला एखाद-दोन ठिपके येतात. जेपीजी आकार कमी करण्यासाठी बारकावे गाळते, व्हॉट्सअ‍ॅप फोटो आणखी दाबते, आणि यादीतली 'गंगा' 'गगा' होते. 'घ' आणि 'ध' तर ओळखूच येत नाहीत. याला 'अक्षर फाटणे' म्हणतात. यादी पीएनजीत काढून 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवली तर अक्षर शाबूत राहते.

ऑनलाइन अर्जांची तऱ्हा उलटी. आपले सरकार पोर्टलवर जोडायचे कागदपत्र ७५ ते ५०० केबीच्या आत लागते. जास्त भरले तर दाबायचे हे सगळ्यांना ठाऊक असते. कमी भरले म्हणून तेच पान जास्त डीपीआयने पुन्हा काढावे लागते, हे पहिल्यांदा अर्ज भरणाऱ्याला पटत नाही.

चित्रातला मजकूर शोधता येत नाही, अंध व्यक्तीच्या मोबाइलला सहजी वाचून दाखवता येत नाही, आणि दुरुस्त तर होतच नाही. लग्नपत्रिकेत मुहूर्ताची वेळ चुकली आणि मूळ फाइल दुकानदाराने पुसलेली असली, की चुकीच्या आकड्यावर पांढरा चौकोन ठेवून नवा आकडा टाइप करतात. जेपीजीत अक्षरांभोवती बारीक करडी धूळ उमटलेली असते. चौकोन मात्र स्वच्छ पांढरा. मोठे करून पाहिले की ठिगळ लगेच दिसते.