रॉजर मॅरिसच्या नावापुढची चांदणी: जी कधी छापलीच गेली नाही

बेसबॉलवर गप्पा निघाल्या की कुणीतरी हमखास सांगतं, 'मॅरिसचा विक्रम खरा नाही, रेकॉर्ड बुकात त्याच्यापुढे चांदणी आहे.' मॅरिस म्हणजे न्यूयॉर्क यांकीज संघाचा फलंदाज, विक्रम म्हणजे १९६१ मध्ये एका हंगामात मारलेले ६१ होमरन (चेंडू थेट प्रेक्षकांत भिरकावणारे फटके), आणि चांदणी म्हणजे आकड्यापुढची '*' खूण, 'यात काही अट आहे' असं सांगणारी. ही चांदणी कोणत्याही अधिकृत पुस्तकात कधीच नव्हती.

झालं असं. आधीचा विक्रम यांकीजच्याच बेब रूथचा. त्याने १९२७ मध्ये ६० होमरन मारले, तेव्हा हंगाम १५४ सामन्यांचा होता. १९६१ मध्ये अमेरिकन लीगमध्ये दोन संघ वाढले आणि सामने झाले १६२. जुलैमध्ये बेसबॉलचे कमिशनर, म्हणजे सर्वोच्च प्रशासक, फोर्ड फ्रिक यांनी जाहीर केलं की विक्रम १५४ सामन्यांत मोडला नाही, तर नोंदीत वेगळी खूण असावी. चांदणी हा शब्द सुचवला डिक यंग या क्रीडापत्रकाराने. फ्रिक रूथचे जुने मित्र, त्याच्या नावाने लेखन करणारे. हे विसरून चालणार नाही.

१५४ सामन्यांअखेर मॅरिसचे ५९ झाले होते. ताण इतका, की त्याच्या डोक्यावरचे केस पुंजक्यांनी गळत होते. १ ऑक्टोबरला, हंगामाच्या शेवटच्या दिवशी, यांकी स्टेडियमवर बोस्टनच्या ट्रेसी स्टॅलार्डचा चेंडू त्याने उजव्या बाजूच्या प्रेक्षकांत भिरकावला. एकसष्टावा! स्टेडियम अर्धंही भरलेलं नव्हतं.

पुढे पुस्तकांत दोन्ही विक्रम वेगवेगळ्या ओळींत छापले जात राहिले, चांदणीविना. १९९१ मध्ये कमिशनर फे व्हिन्सेंट यांच्या समितीने तो भेदही काढला. मॅरिसला ते पाहता आलं नाही. १९८५ मध्येच, ५१ व्या वर्षी, कर्करोगाने तो गेला होता.