बोर्ड बदलण्याआधी एक प्रश्नचिन्ह

चंद्रपूर जिल्ह्यात, मूलकडच्या एका गावात ओळखीच्या मिस्त्रींनी सीएनसी राउटर, म्हणजे संगणकाच्या आदेशावर लाकूड कोरणारी मशीन, घेतलाय. सागवानाच्या पल्ल्यांवर वेलबुट्टी, देवघरांच्या कमानी, असली कामं. परवा त्यांचा फोन आला, "कोरता कोरता मंधातच थांबते जी. बोर्डच गेला वाट्टे."

मशीन अडली की आपल्याकडे आधी तिच्या सर्किट बोर्डावर संशय. बोर्ड मात्र बहुधा बोलत असतो, त्याला विचारायचं कुणाला सुचत नाही.

मिस्त्रींच्या मशीनवर जीआरबीएल नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. एटीमेगा३२८पी या चिपवर, म्हणजे साध्या अर्डुइनो ऊनोवर, ते चालतं. लॅपटॉपवरून त्याला नुसतं '?' पाठवायचं, एंटरसुद्धा दाबायचं नाही. कोरण्याचे आदेश १२८ बाइटच्या छोट्या साठ्यात रांगेत उभे राहतात. प्रश्नचिन्ह रांगेत शिरतच नाही, आल्याआल्या बाजूला उचललं जातं. म्हणून मशीन कामात असतानाही उत्तर येतं: अवस्था कोणती, तिन्ही अक्ष कुठे, वेग किती. आणि एखादं बटण किंवा लिमिट स्विच (अक्ष कडेला पोचला की दाबला जाणारा) दाबलेला दिसत असेल तरच त्यात 'पीएन', म्हणजे पिन, आणि त्याचं अक्षर.

इथे पडद्यावर 'अलार्म १' होता. म्हणजे लिमिट स्विच लागला. गंमत अशी की डोकं पाटाच्या मधोमध होतं, कडेचे स्विच हातभर लांब. रिसेट करून प्रश्नचिन्ह पाठवलं तर पीएन गायब. स्विच मोकळा. मग मघाशी लागलं काय?

झटका काही मायक्रोसेकंदांचा असेल, तर एकदा विचारून तो सापडायचा नाही. २१ नंबरची सेटिंग थोडा वेळ शून्य केली, म्हणजे स्विच लागला तरी मशीन अडणार नाही. (हे अक्ष हलत नसतानाच करायचं, आणि लाल बटणावर हात ठेवून.) सेकंदाला पाचेक वेळा '?' जाईल असं लावलं. स्पिंडल (कोरणारं पातं फिरवणारी मोटर) बंद: सगळं शांत. स्पिंडल सुरू केला, आणि दहा-वीस ओळींमागे एखादीत 'पीएन:एक्स' डोकावू लागलं. स्विचला कुणी हात लावला नव्हता.

स्विचची बारीक वायर स्पिंडलच्या जाड केबलला एकाच पट्टीने आवळलेली होती. दाबल्यावरच जोडणी करणारा तो स्विच, त्यामुळे एरवी ती वायर चिपमधल्या २० ते ५० किलोओहमच्या रोधाच्या आधाराने नुसती लोंबकळत असते. अशी वायर म्हणजे स्पिंडलच्या केबलचा विद्युत गोंधळ झेलणारी ॲण्टेनाच. पट्टी कापली, वायर दुसऱ्या बाजूने फिरवली, आणि पीएन दिसेनासं झालं. २१ नंबरची सेटिंग पुन्हा १ केली. खर्च शून्य. एका शिल्डेड केबलची शिफारस मात्र करून आलो.

तेवढ्यात मिस्त्रींनी जुना पल्ला दाखवला. त्यातलं फूल तीन मिलिमीटर सरकलेलं. "मशीन तर बरोबर आकडा सांगते न जी!"

सांगणारच. स्टेपर मोटर फेऱ्याला २०० पावलं टाकते, ड्रायव्हर प्रत्येकाचे १६ भाग करतो, म्हणजे ३२००. स्क्रूच्या एका फेऱ्यात अक्ष ५ मिलिमीटर सरकतो, तेव्हा मिलिमीटरला ६४० पावलं. जीआरबीएल पाठवलेली पावलं मोजतं, पडलेली नाही. भुसा स्क्रूत अडकून मोटर जागीच गुरगुरली तरी त्याच्या हिशेबी मशीन पुढे गेलेली असते. स्टेटसमध्ये दिसतो तो कंट्रोलरचा समज. अलार्म १ मध्ये तर मशीन झटक्यात थांबते, म्हणून नंतर पुन्हा होमिंग (अक्ष स्विचपर्यंत नेऊन शून्य नव्याने ठरवणं) केल्याशिवाय त्या आकड्यावर विसंबायचं नाही.

कारखान्यांतल्या सर्वो यंत्रांना एन्कोडर, म्हणजे मोटर खरंच किती फिरली ते मोजणारं साधन, लावलेलं असतं; तिथे हा समज पडताळता येतो. गॅलिल कंपनीच्या कंट्रोलरला 'टीपी' म्हटलं की एन्कोडरने मोजलेली जागा कळते, 'टीई' म्हटलं की ठरलेल्या आणि मोजलेल्या जागेतला फरक. 'एससी' विचारलं तर थांबण्याचं कारण आकड्यात येतं: १ म्हणजे ठरल्या जागी पोचून थांबला, २ म्हणजे पुढचा लिमिट, ३ म्हणजे मागचा.

मिस्त्रींकडे एन्कोडर नाही. त्यांनी पाटावर पेन्सिलीने फुली मारली. आता दर पल्ल्यानंतर डोकं त्या फुलीवर आणतात आणि पडद्यावरचा आकडा ताडून पाहतात.