स्वयंपाकघराची जमीन आणि ओटा (गोवा)

गोव्यातील घरांत स्वयंपाकघराची जमीन, ओटा आणि ओट्यामागची भिंत यांसाठी वापरले जाणारे साहित्य व त्याची निवड. वर्षाकाठी साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. पाणी शोषणाऱ्या चिऱ्याच्या (जांभ्याच्या) भिंती. आणि रोजच्या जेवणातली भिरंडाची (कोकमाची) सोलं, चिंच, सुरेचा (माडीचा) शिरका ही आंबटं. इथली निवड या तीन गोष्टींवर व्हायला हवी. दुकानात मात्र पहिला प्रश्न रंगाचा असतो.

जुन्या घरांत स्वयंपाकघराची जमीन मातीची असे. पाऊस सरला की उखडलेला भाग खणायचा, माती भिजवून चोपण्याने ठोकून बसवायची आणि वर शेणाचे सारवण. आदोळीवर (खवणीच्या विळीवर) बसून तासभर नारळ खवणाऱ्या बाईला ही जमीन टोचत नसे, आणि सांडलेले थोडेफार पाणी ती पिऊन टाकी. ऐन पावसात मात्र सारवण वाळता वाळत नसे. बाहेरच्या खोलीत नक्षीच्या सिमेंट लाद्या आल्यावरही अनेक घरांत आतली जमीन बराच काळ सारवलेलीच राहिली. पाहुणा तिथवर जात नसे, हे त्याचे खरे कारण असावे.

त्यानंतरचा तांबडा कोबा अजून कित्येक घरांत शाबूत आहे. काँक्रीटचा थर ओला असतानाच त्यावर सिमेंट आणि लोहाचा तांबडा ऑक्साइड यांचे मिश्रण पसरून थापीने घोटतात, मग आठवडाभर पाणी देतात. सगळी कमाई घोटण्यात असते. हात घाईचा पडला की केसासारख्या चिरा पडतात आणि त्यांत पुढे काळे भरते. चांगल्या कोब्याला सांधा नसतो, त्यामुळे मासळीचे पाणी अडकून वास धरायला जागा राहत नाही. वापराने त्याला येणारी झिलई विकत मिळत नाही. असा कोबा धड असेल तर केवळ जुना म्हणून फोडू नये. अडचण वेगळीच आहे, ती म्हणजे तो घोटणारा गवंडी आता सहज सापडत नाही.

पहिल्या सरींनंतर जमिनीला घाम येतो. बाहेरची दमट हवा थंड जमिनीला लागून तिचे पाणी होते. पण पुष्कळदा दोष जमिनीखालच्या ओलीला दिला जातो, आणि कधी तो खराही असतो. कोब्यावर लाद्या बसवण्याआधी हे तपासता येते. हातभर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून एक दिवस ठेवावा. थेंब प्लास्टिकच्या खाली जमले तर ओल जमिनीतून येते, वर जमले तर हवेतून. ओल खालून येत असेल तर नुसती लादी बदलून काही साधत नाही.

लाद्यांत आज चलती व्हिट्रिफाइडची, म्हणजे भाजून काचेसारख्या घट्ट केलेल्या लादीची आहे. गुजरातेतील मोरबी हे त्यांचे मोठे केंद्र. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात ही लादी स्वतःच्या वजनाच्या ०.५ टक्क्यापेक्षा जास्त पाणी पीत नाही, तर भिंतीची सिरॅमिक लादी १० टक्क्यांहून अधिक पिते. भिंतीची लादी स्वस्त मिळाली म्हणून जमिनीवर बसवली की भरलेला, तीस किलोच्या आसपासचा सिलिंडर सरकवताना तिचा काच-लेप उडतो. चकचकीत लादीवर खोबरेल आणि पाणी एकत्र आले की काय होते, हे चवथीला नेवऱ्या (करंज्या) तळताना कळते. मॅट लादी घ्यावी; घसरणीची आर श्रेणी छापलेली असेल तर आर १० पाहावी. बसवल्यावर नाण्याने एकेक लादी ठोकून पाहावी, पोकळ वाजली तर गवंड्याचा हिशेब चुकता करण्याआधीच काढून घ्यावी.

ओट्याच्या दगडात मात्र आंबटाचा प्रश्न निर्णायक ठरतो. कडप्पा, शहाबाद, कोटा हे तिन्ही चुनखडक. संगमरवरही त्याच रसायनाचा. आम्ल लागले की कॅल्शियम कार्बोनेट विरघळते आणि जागा पांढुरकी, खरबरीत होते. हा डाग नसून दगड खाल्ला गेलेला असतो, म्हणून घासून जात नाही. ग्रॅनाइटला सोलांचे काही वाटत नाही. विक्रेत्याकडून तुकडा मागून आणावा, त्यावर लिंबाची फोड आणि भिजवलेले सोल रात्रभर ठेवावे आणि सकाळी पुसून बोट फिरवावे.

म्हणून कडप्पा टाकाऊ ठरत नाही. ओट्याखाली त्याचेच उभे-आडवे कप्पे करून पुढे फक्त दारे लावण्याची जुनी रीत मॉड्युलर किचनपेक्षा इथे जास्त टिकते. पार्टिकल बोर्ड मोरीजवळ फुगतो. लाकूडच हवे असेल तर आयएस ७१० या भारतीय मानकाचे, पाण्याला टिकणारे मरीन प्लायवूड घ्यावे. वाळवीची तर गोष्टच निराळी: सातेरी देवी म्हणून ज्या रोयणीला (वारुळाला) आपण हात जोडतो, तिच्यातलेच जीव कपाटाच्या पाठीमागून वर चढतात, आणि दगडाच्या कप्प्यात त्यांना खायला काही नसते.

लाद्यांच्या सांध्यांत भरायचे साधे सिमेंट ग्राउट हळद आणि तेल धरते. इपॉक्सी (रेझिनचे) ग्राउट महाग पडते, हात लवकर चालवावा लागतो, पण ओटा आणि मोरीच्या भागापुरते तरी ते वापरावे. लाद्यांची एक पेटी जादा घेऊन माळ्यावर ठेवावी, पेटीवरचा बॅच क्रमांक न फाडता. पुढच्या बॅचची छटा जुळत नाही.