'ग्रब रेस्क्यू' दिसलं म्हणजे डेटा गेला?
ड्युअल बूट (एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही) फसलं की डिस्क फॉरमॅट करण्यावाचून गत्यंतर नाही, हे वर्षानुवर्षं ऐकतोय. साफ चूक. लिनक्स अर्धवट बसलं आणि काळ्या पडद्यावर 'ग्रब रेस्क्यू' आलं, तर बहुतेकदा बिघडलेला असतो फक्त बूटलोडर, म्हणजे मशीन सुरू होताना विंडोज किंवा लिनक्स उघडून देणारा छोटा प्रोग्रॅम; 'ग्रब' हा लिनक्सचा बूटलोडर. मशीन सुरू करायच्या जुन्या एमबीआर पद्धतीत त्याचा पहिला तुकडा जेमतेम ४४६ बाइट्सचा! फोटो, फाइली जागेवरच असतात. लाइव्ह पेनड्राइव्हवरून (त्यावरून लिनक्स इन्स्टॉल न करताच चालतं) मशीन सुरू करून स्वतः बघा. यूईएफआय (मशीन सुरू करायची नवी पद्धत) असलेल्या मशीनवर तर बूट मेनूतून 'विंडोज बूट मॅनेजर' निवडलं की अनेकदा विंडोज मुकाट्याने उघडतं. (बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप, असेल तर ते उघडायची रिकव्हरी की हाताशी ठेवा.) हां, इन्स्टॉलरमध्ये अख्खी डिस्क पुसायचा पर्याय दाबला असेल, तर प्रकरण वेगळं. मग त्या डिस्कवर नवं काहीही लिहू नका.