डेलियाचा कंद कधी लावायचा, ते मातीला विचारा

थंडी ओसरून दोन-चार दिवस लख्ख ऊन पडलं की बागवेड्या माणसाला दम निघत नाही. मलाही निघाला नव्हता. अशाच एका उबदार दुपारी मी डेलियाचे कंद वाफ्यात घातले. महिना झाला तरी कोंब दिसेना, म्हणून खुरप्याने माती बाजूला केली. हाताला लागला तो लिबलिबीत गोळा. जरा दाबला तर साल सुटून हातात आली आणि आंबूस वास सुटला. त्या महिन्यात एकाही रात्री दव गोठलं नव्हतं. मग कंद गेला कशाने?

थंडीची संकटं दोन असतात, एक हवेतलं आणि एक मातीतलं. आपण घाबरतो ते पहिल्याला.

हवेतलं संकट डोळ्यांना दिसतं. पारा शून्याखाली गेला की आधी पेशींच्या बाहेरचं पाणी गोठतं. हा बर्फ पेशींच्या आतलं पाणी बाहेर ओढतो, पेशी आक्रसतात, त्यांचे पडदे फाटतात. सकाळी कोवळं पान शिजवल्यासारखं लोंबतं आणि दुपारपर्यंत काळं पडतं. ट्युलिप, डॅफोडिल यांचं गणित निराळं आहे. त्यांना फुलण्यासाठी 12 ते 16 आठवडे गारवा लागतोच, म्हणून ते हिवाळ्याआधी लावतात. डेलिया आणि निशिगंध मूळचे मेक्सिकोचे, तर बागेतल्या ग्लॅडिओलसचे बहुतेक पूर्वज दक्षिण आफ्रिकेतले. डेलियाचा कंद मुळात कोरडा हंगाम काढण्यासाठी घडलेला आहे. पाऊस नाही तोवर जमिनीत निजायचं आणि ओल आली, ऊब आली की उठायचं, ही त्याची रीत.

आपण मात्र त्याला गार आणि ओल्या मातीत घालतो. निजलेल्या कंदाला पाणी शोषणारी मुळं नसतात. थंडीत त्याचं अंतर्गत रसायन मंदावतं आणि मुळं फुटत नाहीत. कुजवणाऱ्या बुरशींना मात्र त्या गारव्याचं फारसं काही वाटत नाही. माझे कंद असेच गेले.

म्हणून हवेपेक्षा मातीचं तापमान बघा. साधा थर्मामीटर 10 सेंटिमीटर खोल, सकाळच्या वेळी खुपसा, कारण दुपारचा आकडा फसवा असतो. लागोपाठ चार-पाच सकाळी तो 13 अंश सेल्सिअसच्या आसपास दिसला तर ग्लॅडिओलस लावायला हरकत नाही. डेलिया आणि कर्दळीसाठी 15-16 अंशांची वाट पाहावी. कॅलेडियम त्याहून नाजूक, त्याला 20च्या जवळपास हवं. माती हवेच्या मागून तापते. त्यातही चिकण, ओली माती फार सावकाश तापते, कारण पाणी तापवायला पुष्कळ उष्णता लागते. उंच वाफा आणि निचऱ्याची माती लवकर तयार होते.

आता दव गोठण्याच्या शेवटच्या तारखेबद्दल, म्हणजे थंडी सरताना जिच्यानंतर दव गोठणार नाही असं धरून चालतात त्या तारखेबद्दल. ही तारीख सरासरी असते, म्हणजे साधारण निम्म्या वर्षांत त्यानंतरही पानं करपवणारी रात्र येतेच. शिवाय आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असेल तर जमिनीची ऊब भराभर वर निघून जाते. अशा रात्री डोक्याच्या उंचीवर 3 अंश असताना पायाखालचं गवत पांढरं झालेलं असू शकतं.

पण एक सवलत आहे. गोठलेलं दव करपवतं ते जमिनीवर आलेल्या कोंबाला. 10-15 सेंटिमीटर खोल असलेल्या कंदापर्यंत वसंतातल्या एखाद्या रात्रीचा कडाका पोहोचत नाही. त्यामुळे कंद लावल्याच्या दिवसापेक्षा कोंब वर येण्याचा दिवस महत्त्वाचा. ग्लॅडिओलसचा कोंब वर यायला दोन-तीन आठवडे लागतात. माती पुरेशी उबदार असेल तर त्या शेवटच्या तारखेआधी दोन आठवडे तो लावता येतो. पुढे दर पंधरवड्याला थोडे थोडे कंद लावत गेलं तर फुलंही टप्प्याटप्प्याने मिळतात. लावणीपासून फुलापर्यंत साधारण 70 ते 90 दिवस धरावेत.

डेलियाची घाई असेल तर चार-सहा आठवडे आधी कुंडीत, घरात सुरुवात करा. कंद निवडताना मान नीट पाहा. जुन्या खोडाला जिथे तो चिकटलेला असतो, तिथे बटाट्यासारखा बारीक डोळा दिसतो. मानेचा हा तुकडा नसलेला कंद कितीही गलेलठ्ठ असला तरी उगवत नाही. कोंब दिसेपर्यंत माती जेमतेम ओलसर ठेवा. रोप बाहेर नेण्याआधी आठ-दहा दिवस त्याला रोज थोडा जास्त वेळ उघड्यावर ठेवून सवय लावा.

आणि एवढं करूनही एखाद्या रात्री कोंब करपला तर कंद उपटून टाकू नका. काळा भाग कापा, पाणी बेताचं द्या आणि थांबा. खालचा कंद टणक असेल तर शेजारच्या डोळ्यातून नवा कोंब बहुधा फुटतो.