व्हिडिओ संपला, डोक्यात काय उरलं?

"नामवंत विद्यापीठांची व्याख्यानं घरबसल्या फुकट मिळतात, आता न शिकायला सबबच उरली नाही," असं सर्रास म्हटलं जातं. फुकट मिळतात हे खरंच. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाने आपलं अभ्याससाहित्य खुलं करण्याची घोषणा २००१ मध्येच केली होती. २०११ मध्ये स्टॅनफर्डच्या सबॅस्टियन थ्रन आणि पीटर नॉर्विग यांच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कोर्सला सुमारे १,६०,००० जणांनी नावं नोंदवली. तो पुरा केला साधारण २३,००० जणांनी. पुढच्याच वर्षी कोर्सेरा आणि एडएक्स हे ऑनलाइन कोर्सेसचे मंच आले, आणि ५० वर्षांत जगात उच्च शिक्षणाच्या फक्त १० संस्था उरतील, असं भाकीत थ्रन यांनी करून टाकलं. भविष्य सांगायला पंचांगच लागतं असं नाही!

अशा बहुतेक कोर्सेसमध्ये शेवट गाठणारे १० टक्केही नसतात. नोंदणीला पैसे पडत नाहीत, म्हणून बरेच जण नुसते डोकावायला येतात. त्यांना आळशी ठरवण्यात अर्थ नाही. प्रश्न आहे तो नेटाने सगळे व्हिडिओ बघणाऱ्यांचा. त्यांच्याही हाती फारसं का लागत नाही?

चांगलं व्याख्यान ऐकताना सगळं कळतंय असं वाटतं. मुद्दा ओळखीचा वाटला की आपण तो 'येतो' असं धरून चालतो. पण ओळखताना उत्तर समोर असतं. आठवताना ते तुटपुंज्या खुणांवरून शोधून काढावं लागतं. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी एक उतारा दोनदा वाचला. दुसरा एकदाच वाचून, मग न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा दोनदा वाचलेला उतारा सरस ठरला: ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने घेतली तेव्हा पारडं फिरलं: ४२ विरुद्ध ५६. आणि लिहिताना काय चुकलं, हे मुलांना कुणी सांगितलंही नव्हतं! म्हणजे फायदा चुका सुधारल्याचा नव्हता, आठवायच्या खटाटोपाचाच होता. आठवणीपर्यंत एकदा स्वतः पोचलं की पुढच्या वेळी ती लवकर सापडते, आणि विसरण्याचा वेग मंदावतो.

व्हिडिओ मध्येच थांबवून प्रश्न विचारणं, आठवड्याने तोच प्रश्न फिरवून पुन्हा टाकणं, हे संगणक न कंटाळता करू शकतो. खुल्या शिक्षणाचं खरं बळ मला इथे दिसतं. पण यंत्राला तपासायला सोपे ते बहुपर्यायी प्रश्न, आणि त्यांत बरोबर उत्तर चार पर्यायांत समोरच असतं. पुन्हा ओळखण्यावरच काम भागतं. लेखी उत्तरं मागावीत, तर हजारो वह्या तपासणार कोण? काही कोर्सेसमध्ये विद्यार्थीच एकमेकांची उत्तरं तपासतात. पण त्या तपासनिसालाही तो विषय कालच भेटलेला असतो.