पार्श्वभूमी : घोडी ‘वांझ’ कशी ठरते?

नागपुरात घोडी पाळणाऱ्यांची बोली बरीचशी गाईचीच आहे. घोडी माजावर येते, भरवली जाते (नराला लावली जाते), उलटते (गाभ न धरता पुन्हा माजावर येते), गाभण राहते, व्याली की वार, म्हणजे गर्भाभोवतीचा पडदा, पडायची वाट पाहतात. शब्द उसने घेतले त्याचे काही बिघडले नाही. बिघडले ते ठोकताळेही उसने घेतल्यामुळे. गाईची वार बारा तास अडकली तरी गोठ्यात फारशी धावपळ होत नाही. घोडीची वार तीन तासांत पडली नाही तर ती तातडीची बाब असते. गर्भाशय सडू लागते, विष रक्तात भिनते आणि त्यातून खुरांना सूज येऊन घोडी कायमची लंगडी होऊ शकते. ‘सकाळी डॉक्टरला बोलावू’ हा गाईच्या मालकाचा हिशेब झाला.

जुन्या काळाबद्दल थोडक्यात. भोसल्यांच्या फौजेत बारगिराला घोडे सरकारातून मिळे, शिलेदार आपले घेऊन येई. घोडी सुमारे ३४० दिवस गाभण राहणार आणि पुढे शिंगराला, म्हणजे पिल्लाला, पाजणार, म्हणजे शिलेदाराच्या रोजीवर गदा. हाच हिशेब पुढे टांगेवाल्याच्या वाट्याला आला. इंग्रजांना काळजी लष्करी जनावरांची. १९१० चा डूरिनविषयक कायदा त्यातूनच आला. डूरिन हा नर-मादीच्या संगातून पसरणारा रोग असल्याने बाधित जनावर पैदाशीला लावण्यावर कायद्याने बंधन घातले. २००९ च्या प्राणिरोग कायद्याने तो रद्द झाला. नागपुरात पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ मध्ये सुरू झाले, तोवर टांग्यांचे दिवस अजून सरले नव्हते.

खरा गुंता ‘वांझ’ या शब्दाचा आहे. शर्यतीच्या घोड्यांच्या इंग्रजी नोंदवहीत ‘बॅरन’ असा शेरा असतो. त्याचा अर्थ एवढाच की गेल्या हंगामात घोडी भरवली, पण ती गाभण राहिली नाही. पुढच्या वर्षी तीच घोडी शिंगरू देते आणि शेरा बदलतो. मराठीत त्याचे ‘वांझ’ झाले आणि मराठीतला वांझपणा जन्माला चिकटतो. ‘भाकड’ही नीट बसत नाही, ती दुधाची भाषा. आपल्याकडे ‘यंदा खाली राहिली’ म्हणतात ते जास्त बरोबर, पण सौद्याच्या वेळी तो शब्द कुणी वापरत नाही. ‘वांझ निघाली’ म्हटले की घोडीचा भाव पडतो आणि नर, वेळ, हवामान सगळे सुटतात. या बाबतीत मी तटस्थ नाही, हे सांगून टाकतो.

वेळेचा मामला तर पाहण्यासारखा आहे. घोडी लांब दिवसांत माजावर येणारी. साधारण फाल्गुन ते भाद्रपद हा तिचा काळ, चक्र २१ दिवसांचे, त्यात पाच-सात दिवस माज. नागपूरचा दिवस हिवाळ्यात सुमारे ११ तासांचा आणि उन्हाळ्यात सुमारे साडेतेरा तासांचा. युरोपाइतका फरक नाही, म्हणून इथे काही घोड्या बारमाही येतात, सगळ्या नाही. आता वरातीच्या घोडीचा हिशेब घ्या. चातुर्मासात लग्ने नसतात, घोडी मोकळी असते, म्हणून आषाढात भरवली, तर शेवटचे तीन जड महिने ऐन लग्नसराईत आणि मे महिन्याच्या पंचेचाळीस अंशांत येतात. त्यापेक्षा मार्गशीर्षात भरवली तर जड महिने पुढच्या चातुर्मासात पडतात. धंद्याला हे सोयीचे, पण घोडीच्या शरीराला नाही. हिवाळा सरताना ती दहा-पंधरा दिवस शेपटी वर करून लघवीच्या चिळकांड्या मारत राहते, नराला उभीही राहते आणि बीज मात्र सुटतच नाही. चार वेळा भरवली, चारही वेळा उलटली. मग तोच शब्द.

शर्यतीच्या धंद्याने अशीच अडचण स्वतः ओढवून घेतली होती. उत्तर गोलार्धात आणि भारतातही थरोब्रेड या शर्यतीच्या जातीच्या शिंगराचा वाढदिवस १ जानेवारी धरतात. उशिरा जन्मलेले शिंगरू कागदावर तेवढ्याच वयाचे ठरते, म्हणून घोड्या लवकर माजावर आणाव्या लागतात. त्यावर तोडगा निघाला तो दिव्याचा. तबेल्यात पेपर वाचता येईल एवढा उजेड, दिवसाचा धरून सोळा तास, सुमारे दोन महिने. साधा बल्ब पुरतो.

घोडी खाली राहण्याचे दुसरे कारण उघड्यावर असते, तरी नजरेआड राहते. म्हातारी, वाळलेली घोडी दुडकी चालू लागली की मागून फुर्र फुर्र आवाज येतो. पोरे हसतात. मांस उतरल्याने गुदद्वार आत ओढले गेलेले असते, योनीमुख आडवे झालेले असते आणि दर पावलाला हवा व शेणाचे कण आत जात असतात. १९३७ मध्ये केंटकीतल्या एका पशुवैद्याने योनीमुखाचा वरचा भाग शिवून टाकायची साधी शस्त्रक्रिया मांडली. ती आजही करतात, फक्त विण्याआधी टाके उघडायचे विसरून चालत नाही.

तिसरे कारण कळायला आणखी काळ लागला. भरवल्यावर गर्भाशयाला सूज येऊन आत पाणी साचणे नैसर्गिक आहे, निरोगी घोडी ते पाणी एक-दोन दिवसांत बाहेर टाकते. ज्यांना ते जमत नाही त्यांच्यात गर्भ टिकत नाही. गर्भाशयाची धुलाई आणि ऑक्सिटोसिन (गर्भाशय आकुंचन पावायला लावणारे संप्रेरक) हे उपाय त्यातून आले. १९७७ मध्ये इंग्लंडमधल्या न्यूमार्केटला संगातून पसरणारा नवा जिवाणूजन्य गर्भाशयदाह सापडला, तेव्हापासून नराचीही तपासणी गंभीरपणे होऊ लागली. इतकी वर्षे ती का नव्हती, हा प्रश्न आहेच.

१९८० च्या दशकात सोनोग्राफी आली. चौदाव्या दिवशी पडद्यावर दीड सेंटिमीटरचा काळा गोल दिसतो. दोन गोल दिसले तर एक तेव्हाच बोटांनी दाबून फोडतात. जुळी शिंगरे क्वचितच जगतात, बहुधा दोन्ही जातात. पूर्वी असा गाभ उशिरा पडला, की दोष पुन्हा घोडीलाच.

मे २०२३ मध्ये बिकानेरला भ्रूण प्रत्यारोपणातून मारवाडी शिंगरू जन्मले. या पद्धतीत भ्रूण एका घोडीचे असते आणि विते दुसरी. पहिली वर्षभर एकदाही गाभण दिसत नाही, तरी आईच्या रकान्यात नाव तिचेच.